जंबो कोळंबीचं खाद्य: पोत्यावर ‘क’ जीवनसत्त्व नक्की बघा

मंडळी, हुबळी-धारवाडला समुद्र नाही, पण उणकल, केलगेरी, नीरसागर अशी तळी आहेत, शेततळीही आहेत. होडीचा खर्च निघेना म्हणून गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीचा, म्हणजे स्कॅम्पीचा, जोडधंदा करायचा कुणाच्या मनात असेल, तर हे वाचा.

काही जण मोबाईलवर क्रेफिशचे व्हिडिओ बघून तेच बीज मागतात. तो प्राणी आपल्या देशातला नाही. परदेशी जात परवानगीशिवाय आणता येत नाही. अमेरिकन क्रेफिशबरोबर आलेल्या रोगाने युरोपातल्या मूळ क्रेफिशचा फडशा पाडला. तेव्हा आपली स्कॅम्पीच बरी.

कोळंबीला ‘क’ जीवनसत्त्व अंगात पुरेसं तयार करता येत नाही, ते पोटातूनच जावं लागतं. कात टाकल्यावर नवं कवच धरायला, जखम भरायला ते लागतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘क’ कमी असलेल्या खाद्यावर वाढवलेल्या कोळंबीच्या कवचाखाली काळे डाग पडून ती मरू लागली. त्या रोगाला ‘ब्लॅक डेथ’ म्हणतात.

विरळ सोडलेल्या कोळंबीला तळ्यातलं शेवाळ, किडे यांतून बरंच मिळतं. दाटीने सोडली की सगळा भार पोत्यातल्या खाद्यावर येतो. स्कॅम्पीला किलोभर खाद्यात सुमारे १०० मिलिग्रॅम ‘क’ लागतं. पण साधं ‘क’ उष्णतेने, ओलीने, जुनं झाल्याने उडून जातं आणि पाण्यात पटकन विरघळतं. म्हणून:

• लेबलवर ‘क’ फॉस्फेट रूपात आहे का बघा. ते जास्त टिकतं.
• तारीख बघूनच पोतं घ्या. महिन्याला पुरेल तेवढंच आणा.
• पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये नको. सावलीत, फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. बुरशी आलेलं टाकून द्या.
• पावडर थेट तळ्यात ओतू नका, पैसे पाण्यात जातात. गार खाद्याला तेलाचा हात लावून चोळा आणि लगेच घाला.
• ‘ई’ जीवनसत्त्वही हवं. ते शरीरातली चरबी खराब होऊ देत नाही.

आता खरं तेही सांगायला हवं. जीवनसत्त्वाने अंगात ताकद येते, पण विषाणूचा रोग बरा होत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर औषध नाही. स्कॅम्पी त्यात तग धरते, पण विषाणू वाहून नेऊ शकते. म्हणून ती वन्नामेईच्या किंवा टायगरच्या तळ्याजवळ नको. पांढऱ्या शेपटीच्या रोगाने लहान बीज पटापट मरतं, त्यामुळे पीसीआर तपासलेलंच बीज घ्या.

मर सुरू झाली की कुणी क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान सुचवेल. दोन्हींवर बंदी आहे. अंश सापडला तर माल परत येतो, आणि विषाणूवर ती चालतही नाहीत. आधी मेलेली कोळंबी काढा, पाणी बाहेर सोडू नका आणि जवळच्या मत्स्य खात्याला कळवा.