दारू नव्हे, साखर उतरली होती

रात्री नऊच्या सुमाराला एका माणसाला रिक्षातून कॅज्युअल्टीत आणले. शर्ट घामाने चिंब, बोलणे बरळल्यासारखे, पाय लटपटत होते. वस्तीचे नाव ऐकताच कोणीतरी म्हणाले, "प्यायलाय. पडू द्या बाकड्यावर." ड्यूटीवर आम्हीच होतो आणि आम्हालाही तसेच वाटले. त्यांची बायको मात्र हटली नाही. "सिस्टर, आज यांनी घेतलेली नाही. संध्याकाळी इन्सुलिन घेतलं आणि जेवलेच नाहीत." बोटाला सुई टोचून साखर पाहिली, तर 34! 70च्या खाली गेली की धोका सुरू होतो. शिरेतून ग्लुकोज दिले. थोड्याच वेळात ते उठून बसले. उशीर झाला असता तर मेंदूला कायमची इजा झाली असती, जीवही गेला असता.

त्या दोन वाक्यांनी निदान झाले. म्हणून हे लिहितो आहोत.

कॅज्युअल्टीत नंबराने घेत नाहीत. ज्याच्या जिवाला जास्त धोका, तो आधी. श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध हे डॉक्टर-सिस्टर तपासतात. काय झाले, कधी झाले, कोणती औषधे चालू आहेत, हे घरच्यांनीच सांगायचे असते.

छातीत दुखते, घाम सुटतो, दुखणे हातात किंवा जबड्यात जाते, तर पित्त समजून सोडा पीत घरी थांबू नका. बायकांना आणि मधुमेह असणाऱ्यांना कधी कधी नुसता दम लागतो, मळमळते. पोहोचल्यावर 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तसे बोलून मागा.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तो लकवा आहे. अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ सांगा.

विष घेतले असेल तर डबा किंवा पुडी सोबत आणा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. पोलीस केसच्या भीतीने काही लपवू नका. उपचार त्यावरच ठरतो.

मधुमेहाचा माणूस गोंधळला, घामाघूम झाला आणि गिळता येत असेल, तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. 108 ला फोन करा. ती ॲम्ब्युलन्स मोफत आहे. जुने कागद आणि चालू गोळ्या एका पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवा.

कोणी हाकलले तर गप्प बसू नका. बाबासाहेबांच्या संविधानातील 21व्या कलमाने जगण्याचा हक्क दिला आहे. त्याच आधारावर 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे.

आपल्याच घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः आंघोळ घातली होती. त्या रात्री माणूस न पाहता आम्ही वस्ती पाहिली. ती चूक आम्ही विसरलेलो नाही. तुम्ही त्या बाईसारखे ठाम बोला.

जय भीम!