स्वमग्न मुलांसोबत काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी दोन पातळ्यांवर अभ्यासक्रम आखले जातात. वरची पातळी विशेष शिक्षकांची. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार मान्य पदविका किंवा पदवी आणि परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. खालची पातळी अंगणवाडी सेविका, आशा, वर्गशिक्षक आणि आईवडिलांची. तिथले प्रशिक्षण काही दिवसांचे असते आणि बहुधा भाषणातच उरकते.

बुलढाण्याच्या सीमेला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात खरे काम या खालच्या पातळीवरच आहे. हाक मारली तरी न वळणारे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवता मोठ्या माणसाचा हात धरून तिकडे नेणारे मूल घराबाहेर आधी दिसते ते सेविकेला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असते. सेविका रोज असते. तिला निदान शिकवण्याची गरज नाही. स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी भारतात तयार झालेल्या मोजपट्टीत ४० बाबी आहेत, आणि ती वापरणे तज्ज्ञांचे काम. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते; २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत त्याचा समावेश केल्यावर या मोजपट्टीवर आधारलेल्या प्रमाणपत्राला वजन आले. सेविकेला खुणा ओळखता याव्यात आणि ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या घरच्या समजुतीपुढे न थांबता मुलाला जिल्हा पातळीवरच्या तपासणीला पाठवता यावे, एवढे पुरे.

तज्ज्ञ नसलेल्या माणसाला याच्या पुढचे काम जमते का, याचे उत्तर गोव्यात मिळाले. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटाने मिळून केलेल्या ‘पास’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘द लॅन्सेट सायकायट्री’त छापून आले. मूळ पद्धत इंग्लंडची, तिथे ती वाचा-उपचारतज्ज्ञ वापरत. इथे ते काम साध्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे दिले गेले. कार्यकर्ता आई आणि मुलाच्या खेळाचे छोटे चित्रीकरण करतो, मग दोघे मिळून ते पाहतात. मूल डब्याचे झाकण फिरवत बसलेले असते. आई त्याला चेंडू दाखवत राहते आणि मूल पाठ फिरवते. दुसऱ्या तुकड्यात आई थांबते, झाकणाकडे पाहते, ‘फिरलं’ म्हणते, आणि मूल तिच्याकडे बघते. कार्यकर्त्याने सल्ला द्यायचा नसतो. हा क्षण आईला सापडू द्यायचा असतो. ६५ मुलांच्या या चाचणीत पालकांचा प्रतिसाद मुलाशी जास्त जुळला आणि मुले आपणहून जास्त संवाद साधू लागली. मात्र दोघांचे लक्ष एकत्र असण्याचा वेळ घटला, आणि अहवालाने ते लपवले नाही.

या यशामागे व्याख्यानांपेक्षा देखरेखीचा वाटा मोठा मानावा लागेल. कार्यकर्त्याचे काम वरिष्ठ पाहत आणि दुरुस्त करत. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा अभ्यासक्रमही याच अंगाने बांधलेला आहे: नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी.

शाळेसाठीही हेच सूत्र. घंटा वाजली की एक मूल कान झाकून व्हरांड्यात पळते. प्रशिक्षणार्थ्याने ‘हट्टी आहे’ असे न लिहिता आधी काय घडले, मुलाने काय केले आणि नंतर काय झाले, हे तीन रकान्यांत लिहायचे. नोंदी साचल्या की घंटेआधी त्याला बाहेर नेणे, परिपाठ, तास आणि खिचडीची सुटी यांचा चित्रांचा तक्ता भिंतीवर लावणे, असे उपाय त्यातूनच निघतात. आरंभी घोकलेली लक्षणांची यादी इथे फारशी कामी येत नाही.

जाफराबादच्या गट साधन केंद्रात असा वर्ग भरवायचा तर सभागृहातला एक दिवस पुरतो. उरलेले दिवस प्रत्येकाने आपल्याच शाळेत किंवा अंगणवाडीत एका मुलासोबत घालवावेत आणि विशेष शिक्षकाने तिथे येऊन काम पाहावे. परीक्षा म्हणजे त्या मुलासोबतचे पाच मिनिटांचे चित्रीकरण. मोबाइल सगळ्यांकडे आहेत. कमी पडतो तो पाहणाऱ्याचा वेळ आणि त्याचा प्रवासभत्ता. आखणी करणाऱ्याने अंदाजपत्रकात त्याचीच तरतूद आधी करावी.