नळीत मुरलेलं सोयाबीन

जालन्याच्या मोसंबीच्या बागेत दोन पाइप हमखास दिसतात. विहिरीवरून पाणी आणणारा करडा पाइप ताठ. त्यावर कुदळीचा घाव बसला की तडकलाच. फवारणी पंपाची नळी मात्र वेटोळं करून खुंटीला टांगता येते. दोन्ही बहुधा पीव्हीसीचेच. नळीत तेवढं एक तेलकट द्रव्य मुरवलेलं असतं, त्याला कारखान्यात प्लॅस्टिसायझर म्हणतात. १०० किलो पीव्हीसीला ते ३० ते ५० किलोही लागतं.

पीव्हीसीच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. हे द्रव्य मधे शिरलं की त्या सरकू लागतात. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांना हे गवसलं. ते खरं तर रबर धातूला चिकटवायच्या खटपटीत होते! पुढे खनिज तेलापासून बनणाऱ्या थॅलेट नावाच्या प्लॅस्टिसायझरांनी बाजार व्यापला. पण ती नळीशी पक्की बांधलेली नसतात. उन्हातान्हात हळूहळू निघून जातात, आणि दोन-चार उन्हाळे खाल्लेली नळी ताठरून चिरते. लहान मुलांच्या खेळण्यांत युरोपने काही थॅलेटांवर बंदी घातली, तीही या पाझरण्यामुळेच.

इथे सोयाबीन येतं, ज्याच्या सुड्या जालन्यात दर दिवाळीच्या आगेमागे लागतात. सोयातेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंध भरपूर. फॉर्मिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की प्रत्येक बंधावर ऑक्सिजनचं तिकोनी कडं बसतं. घाई मात्र चालत नाही. पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडावं लागतं, नाहीतर उष्णता आवरत नाही. तयार होतं ते इपॉक्सी सोयातेल, तेही प्लॅस्टिसायझरच. तापलेल्या पीव्हीसीतून सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल ही कडी पकडून ठेवतात, त्यामुळे माल पिवळा पडत नाही.

म्हणून थॅलेटं हद्दपार होतील असं समजणं भाबडेपणाचं आहे. हे तेल जास्त घातलं तर कालांतराने पृष्ठभागावर चिकट थर धरतं. बहुतेक ठिकाणी ते शेकडा तीन-पाच भाग, जोडीदार म्हणूनच असतं.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, तेलं आणि पॉलिमर हे दोन्ही विषय शिकवतात. २०१८ पासून तिचं मराठवाडा केंद्र जालन्यातच आहे. मोंढ्यात सोयाबीनचा ओलावा पाहून भाव ठरतो. प्रयोगशाळेत त्याच्याच तेलाचा आयोडीन अंक, म्हणजे दुहेरी बंध किती उरले त्याचं माप, पाहतात. हा अंक घसरत तळाला आला की भट्टी थांबवायची.