माळ्यावरची टेनिस रॅकेट

जुनी टेनिस रॅकेट ठेवावी की विकावी, हे तिच्या वयापेक्षा ती कशाची बनली आहे यावर जास्त अवलंबून असते. घरोघरी मात्र उलटा हिशोब चालतो. लाकडी रॅकेट सगळ्यात जुनी, म्हणून तिला चांगली किंमत येणार. दहा-बारा वर्षांपूर्वीची ग्राफाइटची काय, पडून राहिली तरी चालेल. हा हिशोब बाजारात टिकत नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत टेनिसचा चेंडू गावोगाव पोचला, पण क्रिकेटसाठी. रॅकेट काही त्याच्या मागोमाग आली नाही. आज घरात कुणी ‘रॅकेट आण’ म्हणाले तर बहुधा डास मारायचीच हातात येते. शिरूरला घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती. 1817-18 साली तिथे त्यांचे सैन्य होते, म्हणजे छावणी लॉन टेनिसहून जुनी. या खेळाचे पेटंट विंगफिल्डने 1874 साली लंडनमध्ये घेतले. विम्बल्डनची पहिली स्पर्धा 1877 ची आणि दौंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला तो 1878 साली. मोठ्या जंक्शनांच्या रेल्वे वसाहतींत इन्स्टिट्यूट उभ्या राहिल्या, त्यांत बिलियर्ड्स आणि नाचाबरोबर टेनिसही आले. त्यामुळे इकडच्या माळ्यावर टेनिसची रॅकेट सापडली, तर घरात कुणी रेल्वेत, सरकारी अधिकारी किंवा पुण्याला शिकायला होते का, हे आधी विचारावे. रॅकेटचे वय ठरवायला त्या उत्तराचा उपयोग होतो.

लाकडी रॅकेटचे वय तिच्या चौकटीवरूनही कळते. फार जुन्या रॅकेटची चौकट अॅश जातीच्या लाकडाची एकच पट्टी वाकवून केलेली असे. 1930 नंतर पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या चौकटी सर्रास झाल्या. 1931 साली बाजारात आलेली डनलॉपची मॅक्सप्लाय हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. कडेने पाहिले की हे थर वहीच्या पानांसारखे दिसतात. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि भारतातल्या खेळसाहित्याचा धंदा तिथे वाढला. आपल्याकडच्या कित्येक लाकडी रॅकेट तिकडच्याच. मूठ आणि चौकट जिथे मिळतात तिथे कारखान्याचे नाव, आणि दांड्यावर वजनाची खूण म्हणून ‘एल’ किंवा ‘एम’ अक्षर, म्हणजे हलकी की मध्यम, असे सापडते.

आता किंमत. मॅक्सप्लायसारखी गाजलेली रॅकेटसुद्धा लाखोंच्या संख्येने निघाली होती, म्हणून ती दुर्मीळ नाही. संग्राहक पैसे मोजतात ते एकोणिसाव्या शतकातल्या, एका बाजूला कललेल्या तोंडाच्या किंवा माशाच्या शेपटीसारख्या मुठीच्या रॅकेटला, नाहीतर नामांकित खेळाडूने प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा असलेल्या रॅकेटला. खेळाडूची छापील सही म्हणजे पुरावा नव्हे. ती त्या मॉडेलच्या प्रत्येक रॅकेटवर असते. खेळायलाही लाकडी रॅकेट आज कुणी विकत घेत नाही. तिचे तोंड सुमारे 65 चौरस इंचांचे आणि वजन साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. आजच्या रॅकेटचे तोंड 95 ते 105 चौरस इंच आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत लाकडी रॅकेटने जिंकलेला शेवटचा विजेता म्हणजे 1981 चा जॉन मॅकेन्रो, आणि ग्रँड स्लॅममध्ये 1983 च्या फ्रेंच स्पर्धेतला यानिक नोआ. थोडक्यात, लाकडी रॅकेट विकायला काढली तर हाती जे येईल ते पुण्याच्या फेरीच्या खर्चात जाईल. चौकट सरळ असेल तर ती ठेवलेलीच बरी. सरळ आहे का हे पाहायला रॅकेट फरशीवर पालथी ठेवावी. चारी बाजूंनी टेकली पाहिजे. वाळवीची बारीक भोके, थर सुटलेले किंवा चौकट पिळलेली असेल तर मोहात पडू नये.

धातूच्या रॅकेटबद्दल फार बोलायला नको. 1967 साली विल्सनची पोलादी टी-2000 आली, मग अॅल्युमिनियमच्या आल्या आणि 1976 मध्ये प्रिन्सने मोठ्या तोंडाची रॅकेट काढली. जिमी कॉनर्सच्या हातातली टी-2000 ओळखणारा गिऱ्हाईक भेटला तर ठीक. एरवी अॅल्युमिनियम भंगारवाल्याकडे किलोवर जाते. तीन रॅकेट मिळून जेमतेम एक किलो भरते. लाकूड आणि ग्राफाइट मात्र भंगारवाला घेतच नाही.

खरी घाई ग्राफाइटच्या रॅकेटची करावी. तिला अजून गिऱ्हाईक असते, पण दरवर्षी नवी मॉडेल येतात आणि जुनीची किंमत घसरते. शिवाय जुन्या मॉडेलचे ग्रॉमेट, म्हणजे तारांच्या भोकांतले प्लास्टिकचे नळे, मिळेनासे झाले की चांगली रॅकेटही अडून बसते. विकण्याआधी चौकटीच्या दोन्ही बाजूंना आणि मुठीच्या वरच्या दुभागाला बारीक तडे आहेत का ते उजेडात पाहावे. बोटाने ठोकल्यावर आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज आला तर आत भेग आहे असे समजावे. हलवल्यावर आत खडा वाजतो तो मात्र बहुधा सुटलेल्या गोंदाचा असतो, त्याने नुकसान नाही.

तारा तुटलेल्या असल्या तरी विक्रीआधी नव्या घालू नयेत. तो खर्च घेणाऱ्याने आपल्या हाताप्रमाणे करायचा असतो. एक तार तुटली की बाकीच्या सगळ्या कापून टाकाव्यात, कारण एका बाजूचा ताण गेल्यावर चौकट पिळते. कापताना मधून सुरुवात करून चारी बाजूंना बाहेर जावे. लाकडी रॅकेटच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे.

विक्रीसाठी शिरूर-दौंडकरांना पुणेच गाठावे लागते. दौंडहून गाडीने, शिरूरहून नगर रस्त्याने. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार लाकडी आणि धातूच्या रॅकेटसाठी. तिथे दुकानांच्या सजावटीसाठी रॅकेट शोधणारेही फिरतात. ग्राफाइटची रॅकेट मात्र टेनिस शिकवणाऱ्या मैदानाजवळ किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत चांगली जाते. जाहिरातीत मॉडेल, वजन आणि मुठीचा आकार लिहिलाच पाहिजे. मुठीचा घेर साधारण सव्वाचार ते साडेचार इंच असतो. तो न लिहिल्यास फोन पुष्कळ येतात, गिऱ्हाईक येत नाही.

घरातल्या मुलाला शिकायला म्हणून आजोबांची लाकडी रॅकेट द्यायची इच्छा पुष्कळांना होते. देऊ नये. पूर्ण लांबीची, म्हणजे 27 इंची, आणि त्यात इतकी जड रॅकेट लहान हाताच्या कोपराला आणि मनगटाला त्रास देते. मुलांसाठी 19 ते 26 इंचांच्या रॅकेट वेगळ्या मिळतात. तालुक्याच्या गावातून टेनिस खेळता येत नाही, असे नाही. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने 2014 च्या आशियाई खेळांत सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. जुन्या ग्राफाइट रॅकेटपैकी एखादी हलकी रॅकेट थोड्या मोठ्या मुलासाठी राखून ठेवण्यात मात्र शहाणपण आहे.

ठेवायचे ठरले तर जागा नीट निवडावी. हा भाग पर्जन्यछायेतला असल्याने कोकणासारखी दमट हवा इथे लाकूड वाकवत नाही; इथला शत्रू ऊन. पत्र्याखालच्या माळ्यावर वैशाखात गोंद सुटतो आणि आतड्याच्या तारा कडक होऊन तुटतात. रॅकेट खालच्या खोलीत, भिंतीला टेकवून न ठेवता आडवी किंवा टांगून ठेवावी. चार स्क्रूचा लाकडी प्रेस सोबत सापडला असेल तर तो फेकू नये. तोंड त्यात बसवून चारही नट सारखेच आवळावेत. वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात लाकडाला द्यावा, पण कारखान्याच्या नावाच्या छापावरून फडके फिरवू नये.