झाकली मूठ पाच हजार कोटींची!

ताळेबंद वाचणं हे कॉमर्सवाल्यांचं काम, असं म्हणून आपण पान उलटतो. पण पहिली नोकरी असो की पहिली एसआयपी, आपण विश्वास ठेवतो तो याच आकड्यांवर. हे आकडे 'सजवले' कसे जातात? आणि सजावट संपून फसवणूक नेमकी कुठे सुरू होते?

फिजिक्सच्या लॅबमध्ये एक विद्या सीनिअरकडून ज्युनिअरकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. आधी उत्तर काढायचं आणि मग त्याला साजेशी रीडिंग्ज जर्नलमध्ये भरायची. 'जी'ची किंमत ९.८ च्या आसपास आली की सर खूश, आपणही खूश. लंबक खरंच किती वेळा हलला, याची चौकशी कुणी करत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांमध्येही असाच उलटा हिशेब होतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी निकाल जाहीर करावा लागतो. त्याआधीच ब्रोकरेज फर्म्सचे ॲनालिस्ट सांगून मोकळे झालेले असतात, की या तिमाहीत नफा अमुक इतका यायला हवा. म्हणजे 'उत्तर' आधीच फळ्यावर लिहिलेलं. त्यापेक्षा नफा थोडा जरी कमी आला तरी शेअर आपटतो. मग रीडिंग्ज जुळवायला सुरुवात होते. याचं सभ्य नाव 'इअर्निंग्ज मॅनेजमेंट' किंवा 'क्रिएटिव्ह अकाउंटिंग'. ऐकायला एखादा सर्टिफिकेट कोर्स असावा असं वाटतं, नाही?

पावती फाडली, पैसे कुठे?

हे समजायला सीए व्हायची गरज नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या खजिनदारामागे वही घेऊन फिरला असाल, तर अर्धं अकाउंटिंग तुम्हाला येतंच.

समजा, मंडळाने यंदा एक लाखाच्या पावत्या फाडल्या. त्यातले साठ हजार हातात आले, उरलेले चाळीस 'दिवाळीनंतर देतो रे' या बोलीवर. वहीत जमा किती दाखवायची? कंपन्यांच्या नियमांनुसार पूर्ण एक लाख उत्पन्न दाखवता येतं आणि चाळीस हजार 'येणी' म्हणून लिहिता येतात. अट एकच, ते पैसे खरोखर येणार असले पाहिजेत. यात गैर काहीच नाही. पण 'खरोखर येणार' हे ठरवणार कोण? खजिनदारच! सगळी गोम इथे आहे. अकाउंटिंगमध्ये वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त गोष्टी अंदाजावर चालतात आणि अंदाज थोडा इकडेतिकडे सरकवला की नफा हलतो.

पहिली युक्ती म्हणजे उद्याचं उत्पन्न आज दाखवणं. तुम्ही तीन वर्षांच्या कोर्सची फी एकदम भरलीत, तर क्लासवाल्याने ती सगळी याच वर्षीची कमाई म्हणायची, की शिकवत जाईल तशी थोडी थोडी? एडटेक क्षेत्रातल्या बायजूजच्या बाबतीत हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. कंपनीचे २०२०-२१ चे हिशेब तब्बल दीड वर्ष उशिरा, सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले. उत्पन्न कधी मोजायचं याची पद्धत बदलली होती, त्यामुळे बरंचसं उत्पन्न पुढच्या वर्षांत ढकलावं लागलं. तोटा दिसला साडेचार हजार कोटींहून अधिक. आदल्या वर्षी तो तीनशे कोटींच्याही आत होता. वाढलेल्या खर्चाचाही त्यात वाटा होताच, पण 'कमाई कधी मोजायची' या एका प्रश्नाने चित्र किती बदलू शकतं, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

दुसरी युक्ती खर्चाला मालमत्ता म्हणण्याची. मंडळाने ढोल घेतले तर ते पाच वर्षं वाजणार, म्हणून त्यांचा खर्च पाच वर्षांत विभागला तर ते योग्यच. पण हार-फुलांचा खर्चही पाच वर्षांत विभागला तर? अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या टेलिकॉम कंपनीने जवळपास हेच केलं. दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन्स वापरायचं भाडं हा रोजचा खर्च होता. तो त्यांनी मालमत्ता म्हणून नोंदवला. खर्च गायब आणि नफा हजर! जून २००२ मध्ये कंपनीने ३.८ अब्ज डॉलरच्या अशा नोंदींची कबुली दिली आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला.

तिसरी युक्ती घसाऱ्याची. ट्रक आठ वर्षं चालेल की बारा? बारा म्हटलं की दरवर्षीचा घसारा कमी आणि नफा जास्त. कचरा उचलणाऱ्या अमेरिकेतल्या वेस्ट मॅनेजमेंट कंपनीने १९९० च्या दशकात कचरागाड्यांचं आयुष्य कागदावर असंच वाढवलं होतं. १९९८ मध्ये जुने हिशेब दुरुस्त करताना सुमारे १.७ अब्ज डॉलरचा नफा पुसावा लागला.

चौथी युक्ती गल्ल्याची. चांगल्या वर्षी 'पुढे बुडीत जाईल' म्हणून गरजेपेक्षा जास्त तरतूद करून ठेवायची आणि वाईट वर्षी त्यातून थोडी काढून नफ्यात मिळवायची. अशा कंपनीचा आलेख बघा, पायऱ्या चढावं तसा दर तिमाहीला अगदी नेमका वर जातो. धंदा मात्र कधीच इतका सरळ चालत नसतो.

यातलं कायदेशीर काय आणि बेकायदा काय? नियमात राहून आणि कारण उघडपणे सांगून अंदाज बदलणं कायदेशीर आहे. खोटं बिल बनवणं हा सरळ गुन्हा आहे. मधला पट्टा मात्र भलताच रुंद आणि धूसर आहे. तिथून चालता चालता आपण पलीकडे कधी पोहोचलो, हे बऱ्याचदा चालणाऱ्यालाही उशिरा कळतं.

'सत्यम'चा वाघ

याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपण बालवाडीत असताना घडलं. हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस तेव्हा देशातल्या आघाडीच्या आयटी कंपन्यांपैकी एक होती. सुमारे ५० हजार कर्मचारी, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंदणी, फुटबॉल वर्ल्डकपसाठी फिफाशी करार. इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी सत्यमचं ऑफर लेटर म्हणजे घरी पेढे. सप्टेंबर २००८ मध्ये तर कंपनीला उत्तम कारभारासाठी 'गोल्डन पीकॉक' पुरस्कारही मिळाला होता.

डिसेंबर २००८ मध्ये सत्यमने मेटास नावाच्या दोन कंपन्या १.६ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. 'सत्यम'ची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली की 'मेटास' होतं. नाव उलटं, पण घर तेच, कारण या कंपन्या अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित होत्या. गुंतवणूकदारांनी इतका गोंधळ केला, की काही तासांतच हा व्यवहार मागे घ्यावा लागला.

खरं कारण कळलं ७ जानेवारी २००९ ला. राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं आणि ते शेअर बाजारांना आणि सेबीलाही गेलं. बँकेत जी रोख रक्कम दाखवली आहे, त्यातले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने दाखवलेला कामकाजातला नफा होता ६४९ कोटी. प्रत्यक्षात तो होता ६१ कोटी! मेटासची खरेदी हा खोट्या रकमेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवायचा शेवटचा प्रयत्न होता, हेही त्यांनीच सांगितलं.

या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आकड्यांचा नाही. राजू लिहितात, की सुरुवातीला खरा नफा आणि दाखवलेला नफा यातली तफावत किरकोळ होती. ती वर्षागणिक वाढत गेली. एक तिमाही सांभाळायला मारलेली थाप पुढच्या तिमाहीत आणखी मोठी मारावी लागते, कारण आता वाढ त्या खोट्या आकड्याच्या वर दाखवायची असते. आपण वाघावर स्वार झालो होतो आणि त्याने खाऊ नये म्हणून उतरायचं कसं तेच कळत नव्हतं, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लिहिलं होतं.

तपासात सात हजारांहून जास्त खोटी इनव्हॉइसेस सापडली. बँकेची स्टेटमेंट्स आणि मुदत ठेवींच्या पावत्याही बनावट निघाल्या.

मग ऑडिटर काय करत होते?

हा प्रश्न कुणालाही पडेल. सत्यमचं ऑडिट प्राइस वॉटरहाऊससारखी नावाजलेली फर्म करत होती. बँकेत खरोखर किती पैसे आहेत, हे ऑडिटरने थेट बँकेला विचारायचं असतं. इथे ती चौकशी कंपनीच्याच हातून झाली आणि कंपनीने हातात ठेवलेल्या कागदांवर भरवसा ठेवला गेला, असं अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये म्हटलं आणि एकूण ७५ लाख डॉलरचा दंड केला. सेबीने २०१८ मध्ये या फर्मवर दोन वर्षांची बंदी घातली, पण २०१९ मध्ये 'सॅट' या अपील न्यायाधिकरणाने ती रद्द केली. राजूंना आणि इतर नऊ जणांना विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये शिक्षा सुनावली. राजूंना सात वर्षांची झाली. पुढच्याच महिन्यात अपिलात शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला.

या प्रकरणानंतर कायदेही कडक झाले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक वर्षांनंतर ऑडिटर बदलणं सक्तीचं केलं आणि २०१८ मध्ये ऑडिटरवर नजर ठेवायला 'एनएफआरए' हे स्वतंत्र प्राधिकरण आलं.

आपलं काय जातं?

पत्र बाहेर आलं त्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपासचा शेअर ४० रुपयांच्या आसपास येऊन थांबला. निवृत्तीच्या पैशांतून शेअर घेतलेल्या माणसाने 'क्रिएटिव्ह' काहीच केलं नव्हतं. सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून नवं नेमलं. एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने कंपनी घेतली, म्हणून ती वाचली. तरीही हजारो कर्मचाऱ्यांना 'व्हर्च्युअल पूल' अशा गोंडस नावाखाली कमी पगारावर घरी बसावं लागलं. कोड लिहिणाऱ्या पोरांना आकड्यांतलं काही ठाऊकही नव्हतं, पण मंदीच्या त्या वर्षात बायोडेटावर 'सत्यम' लिहून दुसरी नोकरी शोधायची वेळ त्यांच्यावर आली.

आज चित्र वेगळं आहे. कँटीनमध्ये बसून मोबाइलवरून शेअर घेता येतो आणि कॅम्पसला येणारे स्टार्टअप पगारासोबत 'ईसॉप' देतात, म्हणजे पगाराचा एक भाग कंपनीच्या शेअर्समध्ये. त्या शेअरची किंमत कशावर ठरते? त्याच आकड्यांवर. म्हणूनच पुढचे पाच प्रश्न सायन्स आणि आर्ट्सवाल्यांनाही यायला हवेत.

नफ्याचा फुगा कसा ओळखाल?

• नफा वाढतोय, रोख येतेय का? वार्षिक अहवालात कॅश फ्लोचं पान असतं. सलग काही वर्षं नफा चढता आणि धंद्यातून येणारी रोख रखडलेली असेल, तर कान टवकारा.

• येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढताहेत का? म्हणजे पावत्या फाटताहेत, पैसे येत नाहीत.

• बँकेत भरपूर पैसे आहेत, मग व्याज कुठे आहे? आणि कर्ज का काढताय? सत्यमसारखी रोखच खोटी असेल, तर पहिला प्रश्न पुरा पडत नाही. तिथे हा विचारावा लागतो.

• ऑडिटरने मधेच राजीनामा दिलाय का? कारण 'वैयक्तिक' लिहिलं असलं तरी शोध घ्या.

• शेवटच्या पानांवरच्या बारीक टिपा वाचल्या का? घसाऱ्याची वर्षं बदलली, उत्पन्न मोजायची पद्धत बदलली, घरच्याच कंपन्यांशी व्यवहार झाले, हे सगळं तिथे लपलेलं असतं.

नोंदणीकृत कंपन्यांचे अहवाल बीएसई आणि एनएसईच्या साइटवर फुकट मिळतात. स्टार्टअपचे कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून बघता येतात. मुलाखतीला जाण्याआधी आपण कंपनीचं इन्स्टा पेज चाळतोच, त्यातली वीस मिनिटं इथे द्यायला हरकत नाही.

आणि आपल्यातलेच जे सीएची आर्टिकलशिप करताहेत किंवा उद्या एखाद्या कंपनीच्या फायनान्स विभागात बसणार आहेत, त्यांच्यासाठी वर्ल्डकॉमचीच उरलेली गोष्ट. तिथला घोटाळा पोलिसांनी शोधला नव्हता. कंपनीच्याच अंतर्गत ऑडिट विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या टीमने रात्री थांबून नोंदी तपासल्या. 'सध्या हे राहू द्या' असं वरून सांगितलं गेलं, तरी त्या थांबल्या नाहीत. त्यांचा प्रश्न साधा होता, हा खर्च मालमत्तेत कशाच्या आधारावर टाकला? कंपनीकडे त्याचं धड उत्तर नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पगार आणि बचत तिच्यावर लावणार असाल, तर ती आधी उघडून दाखवायला सांगा.