ध्वनिमुद्रण, स्मार्टफोनवरील : आदान पातळीचे नियंत्रण

संगीताच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचे स्मार्टफोनच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करताना ध्वनिग्राहकाकडून (ध्वनीचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या साधनाकडून) येणाऱ्या संकेताचे मान योग्य मर्यादांत ठेवण्याच्या क्रियेस आदान पातळीचे नियंत्रण म्हणतात. पातळी फार कमी राहिल्यास संगीतातील हळुवार भाग उपकरणाच्या अंगभूत खरखरीत बुडतो. फार वाढल्यास संकेताचे माथे कापले जाऊन आवाज फाटतो. पहिला दोष नंतर काही अंशी सुधारता येतो. दुसरा बहुधा कायमचा राहतो. एकदा झालेली मैफल पुन्हा तशीच घडत नसल्याने या नियंत्रणास विशेष महत्त्व आहे.

ऐतिहासिक : यांत्रिक ध्वनिमुद्रणाच्या काळात कलाकारास कर्ण्यासमोर गावे लागे. भारतात १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण केले, ते याच पद्धतीने. तीत विवर्धक (संकेत मोठा करणारे साधन) नसल्याने कलाकाराचे कर्ण्यापासूनचे अंतर कमीजास्त करणे, हाच पातळीच्या नियंत्रणाचा मुख्य उपाय होता. १९२५ पासून विद्युत् ध्वनिमुद्रण प्रचारात आले आणि हे नियंत्रण तंत्रज्ञाच्या हाती गेले. त्यानंतरच्या चुंबकीय फितीवर पातळी मर्यादेबाहेर गेली, तरी विकृती क्रमाक्रमाने वाढत असे. अंकीय ध्वनिमुद्रणात अशी सवलत नाही. त्यातील कमाल मर्यादा काटेकोर असते. स्मार्टफोनवरील ध्वनिमुद्रण अंकीय असल्याने फितीच्या काळातील सवयी येथे जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत.

ध्वनिदाब व त्याचे मापन : ध्वनिदाबाची पातळी डेसिबेल या एककात मोजतात. २० मायक्रोपास्काल हा दाब शून्य डेसिबेल मानला असून १ पास्काल दाब म्हणजे सु. ९४ डेसिबेल होय. हे प्रमाण लघुगणकीय असल्याने दाब दुप्पट झाल्यास पातळी सु. ६ डेसिबेलने व दसपट झाल्यास २० डेसिबेलने वाढते. नेहमीच्या संभाषणाची पातळी १ मी. अंतरावर सु. ६० डेसिबेल असते. ढोल-ताशांच्या पथकाजवळ ती १०० डेसिबेलपेक्षा जास्त असते, म्हणजे तेथील ध्वनिदाब संभाषणाच्या शंभरपटीहून अधिक असतो. स्मार्टफोनची जडणघडण मुख्यतः संभाषणासाठी झालेली असल्याने संगीताच्या ध्वनिमुद्रणातील बहुतेक अडचणी या तफावतीतून उद्‌भवतात.

संकेताचा मार्ग : स्मार्टफोनमधील ध्वनिग्राहक सिलिकॉनच्या चकतीवर घडविलेला असतो. त्यातील पातळ पटल व त्यामागील सच्छिद्र पट्टी मिळून धारित्र (विद्युत् भार साठविणारी रचना) तयार होते. ध्वनीमुळे पटल हलले की धारिता बदलते व त्या बदलापासून विद्युत् संकेत मिळतो. हा संकेत विवर्धकातून अंकीय परिवर्तकाकडे जातो. तेथे सेकंदास सामान्यतः ४४,१०० किंवा ४८,००० वेळा त्याचे मान मोजून अंकांत नोंदले जाते. काही ध्वनिग्राहकांत विवर्धन व परिवर्तन या दोन्ही क्रिया त्याच आवरणात होतात. त्यानंतर या अंकांवर फोनमधील आज्ञावलीकडून संस्कार होतात आणि शेवटी ते संचिकेत साठविले जातात.

या मार्गातील प्रत्येक टप्प्याला स्वतःची कमाल मर्यादा असते. आधीच्या टप्प्यात झालेली विकृती पुढच्या टप्प्यात पातळी कमी करून नाहीशी होत नाही. ती फक्त लहान आवाजात ऐकू येते. म्हणून अनुप्रयोगाच्या पडद्यावरील मापक सुरक्षित पातळी दाखवीत असतानाही ध्वनिमुद्रण फाटलेले असू शकते. तरंगाकृतीचे माथे कमाल मर्यादेच्या बरेच खाली सपाट झालेले दिसल्यास दोष आधीच्या टप्प्यात आहे, असे समजावे.

छेदन : संकेत मर्यादेबाहेर गेल्यावर त्याचे वरचे व खालचे माथे कापले जातात, यास छेदन म्हणतात. त्यामुळे मूळ ध्वनीत नसलेल्या उच्च कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) निर्माण होतात आणि आवाज कर्कश वाटतो. तबल्यावरील किनारीचा आघात, झांजेचा ठोका यांसारख्या ध्वनींचे माथे क्षणिक पण सरासरीहून पुष्कळ उंच असतात. १९३९ मध्ये प्रमाणित झालेला काट्याचा व्हीयू मापक सु. ०·३ सेकंदातील सरासरीच्या जवळपास जाणारे मान दाखवी. असे क्षणिक माथे त्यात दिसत नसत. अंकीय ध्वनिमुद्रणासाठी माथे दाखविणारा मापकच वापरावा लागतो. त्यावर कमाल मर्यादा शून्य डेसिबेल मानतात व तीखालील सर्व पातळ्या ऋण असतात.

स्वयंचलित नियंत्रण : बहुतेक स्मार्टफोनांत आवाज मोठा झाल्यास विवर्धन आपोआप कमी करणारी व लहान झाल्यास वाढविणारी योजना असते. संभाषणात ती उपयुक्त आहे. संगीतात मात्र तिच्यामुळे कलाकाराने योजलेला लहानमोठेपणाच नष्ट होतो. उदा., ख्यालगायनात गायक सम घेऊन थांबला की तंबोऱ्यांचा आवाज हळूहळू फुगत जातो आणि पुढच्या आलापाच्या पहिल्या स्वराबरोबर तो एकदम मागे ढकलला जातो. मंद्र सप्तकातील हळुवार आलाप व द्रुत लयीतील तान एकाच पातळीवर ऐकू येतात. गोंगाट कमी करणारी योजनाही अशीच बाधक ठरते. तंबोऱ्याचा अखंड नाद हा पार्श्वभूमीवरील गोंगाट समजून ती तो दडपू शकते.

ही योजना चालू आहे की नाही, हे पुढील साध्या प्रयोगाने समजते : शांत खोलीत पंख्याचा मंद आवाज मुद्रित होत असताना एकदा मोठ्याने टाळी वाजवावी. ध्वनिमुद्रण ऐकताना टाळीनंतर पंख्याचा आवाज क्षणभर दबून हळूहळू पूर्ववत होत असेल, तर स्वयंचलित नियंत्रण कार्यरत आहे.

प्रणालींतील तरतुदी : ‘गेन’ या नावाने ओळखले जाणारे विवर्धनाचे प्रमाण हाताने बदलता येणे, हे फोन, त्याची प्रणाली व अनुप्रयोग या तिन्हींवर अवलंबून असते. आयफोनच्या प्रणालीत जोडलेल्या साधनाने मुभा दिल्यास अनुप्रयोगाला आदान विवर्धन बदलता येते. अँड्रॉइड प्रणालीत २०१६ मधील ७·० या आवृत्तीपासून संस्काररहित आदान मागण्याची सोय आहे. तथापि ती प्रत्येक फोनवर उपलब्ध असतेच असे नाही.

अँड्रॉइडच्या सुसंगतता-निकषांत वाक्‌-अभिज्ञानासाठी (बोलणे यंत्राने ओळखण्यासाठी) दिलेले प्रमाण येथे उद्‌बोधक आहे. त्यानुसार १,००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ९० डेसिबेल ध्वनीपासून १६ द्विमान अंकांच्या मापनात वर्गमाध्य-मूळ मान सु. २,५०० यावे. अशा मापनात सर्वोच्च अंक ३२,७६७ असतो. यावरून गणित केल्यास शुद्ध स्वराचे माथे सु. १०९ डेसिबेलला कमाल मर्यादेस पोहोचतात. म्हणजे या मार्गाने मुद्रण करताना बोलणे सुरक्षित राहते, परंतु ध्वनिक्षेपकाजवळ किंवा ताशाजवळ छेदन अटळ ठरते.

बाह्य संकेत : सभागृहातील मिश्रकाकडून (अनेक ध्वनिग्राहकांचे संकेत एकत्र करणाऱ्या साधनाकडून) थेट संकेत घेतल्यास स्वच्छ ध्वनिमुद्रण मिळू शकते. मात्र व्यावसायिक मिश्रकाच्या प्रदानाची प्रमाण पातळी सु. १·२३ व्होल्ट असते, तर फोनच्या ३·५ मिमी. छिद्रातील ध्वनिग्राहक-आदान काही मिलिव्होल्टांसाठी योजलेले असते. ही तफावत शेकडो पटींची असल्याने मध्ये क्षीणक (संकेत कमी करणारी रोधकांची जोडणी) बसवावा लागतो. ४० डेसिबेलचा क्षीणक विद्युत् दाब शंभर पटींनी कमी करतो. तसेच फोन या छिद्रातून ध्वनिग्राहकासाठी एकदिश विद्युत् दाब पुरवीत असल्याने तो अडविणारे धारित्रही आवश्यक असते. अनेक नव्या फोनांत हे छिद्र नसते. त्यांना यूएसबी जोडणीचे बाह्य परिवर्तक साधन वापरतात. त्यावर विवर्धनाची स्वतंत्र खुंटी असल्यास नियंत्रण अधिक खात्रीचे होते.

प्रत्यक्ष पद्धती : विवर्धन बदलता येत नसेल, तर अंतर हेच नियंत्रणाचे साधन उरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास पातळी सु. ६ डेसिबेलने घटते. बंदिस्त सभागृहात परावर्तित ध्वनीमुळे ही घट कमी असते आणि जास्त दूर गेल्यास घुमारा व श्रोत्यांची कुजबुज वाढते. ध्वनिग्राहकाच्या छिद्रावर कापड किंवा चिकटपट्टी लावण्याचा उपाय सदोष आहे. त्यामुळे उच्च कंप्रता अधिक प्रमाणात गळून आवाज बोजड होतो.

विवर्धन बदलता येत असल्यास सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेळी माथे उणे १२ ते उणे ६ डेसिबेलांच्या दरम्यान राहतील, अशी पातळी ठेवावी. सुरुवातीस तबला मिळविताना दिसलेली पातळी अंतिम मानू नये. द्रुत लयीत, झाल्यात व तिहाईच्या वेळी ती बरीच वाढते. जवळच्या श्रोत्यांच्या टाळ्याही कलाकाराच्या आवाजाहून मोठ्या ठरू शकतात. अशी राखीव जागा ठेवल्याने गुणवत्ता घटत नाही. १६ द्विमान अंकांच्या ध्वनिमुद्रणाचा पल्ला सु. ९६ डेसिबेल असतो. सभागृहातील पंखे व श्रोते यांचा आवाज ३५ डेसिबेल आणि संगीताचे माथे १०० डेसिबेल धरले, तरी प्रत्यक्ष गरज ६५ डेसिबेलांचीच असते. एकदा ठरविलेली पातळी बंदिश चालू असताना बदलू नये. फोन विमान-स्थितीत ठेवावा, म्हणजे येणाऱ्या संदेशाने मुद्रणात खंड पडत नाही.

मर्यादा : ३२ द्विमान चल-दशांश पद्धतीच्या साधनांत अंकीय मर्यादेची अडचण जवळजवळ उरत नाही व पातळी नंतर ठरविता येते. तथापि ध्वनिग्राहकाचे पटल किंवा त्यालगतचा विवर्धक यांची मर्यादा ओलांडली गेल्यास ही पद्धतीही उपयोगी पडत नाही. छेदित भागाची पुनर्रचना करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. पण त्या कापलेल्या माथ्याच्या जागी अनुमानाने नवा आकार बसवितात, मूळ स्वर परत आणीत नाहीत. सारांश, हळुवार मुद्रित झालेला आलाप वाढवून ऐकता येतो. फाटलेली तान मात्र पुन्हा सांधता येत नाही. म्हणून संदेह असेल तेथे पातळी कमी ठेवणेच श्रेयस्कर होय.