रायगड किनारपट्टीवरील वणवे : इंधनभार, संगणकीय साधने आणि स्थानिक व्यवहार

सारांश : रायगड जिल्ह्याच्या किनारी तालुक्यांत दरवर्षी फेब्रुवारी ते मे या काळात लागणाऱ्या वणव्यांमुळे जंगलातील रोपे, डोंगरउतारावरील गवत तसेच आंबा-काजूच्या बागा यांचे नुकसान होते. वणव्याची सूचना देणारी आणि त्याच्या प्रसाराचे गणित मांडणारी संगणकीय साधने आज उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात या साधनांचे तत्त्व, त्यांच्या मर्यादा आणि राबासारख्या स्थानिक शेतीव्यवहाराशी असलेला त्यांचा संबंध यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : वणवा, इंधनभार, राब, वरकस जमीन, उपग्रह सूचना, जाळरेषा.

प्रस्तावना

कोकणासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात वणवा लागतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु वणव्याचे मूळ त्या पावसातच आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत डोंगरउतारावर व वरकस जमिनीवर पुरुषभर उंचीपर्यंत गवत वाढते. पाऊस थांबल्यावर ते पिवळे पडू लागते आणि जानेवारीपर्यंत पूर्ण वाळते. त्यापाठोपाठ ऐन, किंजळ, साग इत्यादी वृक्षांची पानगळ सुरू होते. म्हणजे पावसाळ्यात तयार झालेला वनस्पतिभार उन्हाळ्यात इंधन म्हणून जमिनीवर पसरलेला असतो. महाराष्ट्रात वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो, त्यामागील नैसर्गिक कारण हेच होय.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, रोहा या तालुक्यांतील वने एकसंध नाहीत. गाव, भातखाचर, वरकस माळ, बाग आणि राखीव वन हे एकमेकांना लागून असतात. पूर्वी जंजिरा संस्थानच्या नवाबाचे शिकारीचे रान असलेले आणि १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले फणसाड हे मुरूड व रोहा तालुक्यांच्या डोंगररांगांतील वन याचे उत्तम उदाहरण होय. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेल्या या वनाच्या सीमेवर गावे, गुरचरण आणि गवताळ माळ आहेत. त्यामुळे येथील वणव्याचा प्रश्न केवळ वनाचा प्रश्न म्हणून सुटू शकत नाही.

इंधनाचे स्वरूप

अग्निशास्त्रात इंधनाचे वर्गीकरण ते किती जाड आहे आणि हवेतील आर्द्रतेशी किती वेळात जुळवून घेते यावरून केले जाते. सुमारे ६ मि.मी. पेक्षा कमी व्यासाचे गवत, पाने व काड्या यांना ‘एक तासाचे इंधन’, ६ मि.मी. ते अडीच सें.मी. जाडीच्या डहाळ्यांना ‘दहा तासांचे’, तर त्याहून जाड, साडेसात सें.मी. पर्यंतच्या फांद्यांना ‘शंभर तासांचे’ इंधन म्हणतात. रायगडच्या किनाऱ्यावरील वणवा प्रामुख्याने पहिल्या प्रकारच्या इंधनावर चालतो. तो जमिनीलगत धावतो. झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग येथे क्वचितच आढळते.

एक तासाचे इंधन असल्यामुळे येथील आगीची शक्यता एकाच दिवसात अनेकदा बदलते. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी खारे वारे आत येतात व हवेतील आर्द्रता वाढवतात. मात्र मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडील कोरडे वारे जोर धरतात आणि खारे वारे उशिरा सुरू होतात. अशा दिवशी पारा एकदम चढतो व गवत कडकडीत वाळते. उलट खारे वारे वेळेवर आले, तरी तेच वारे पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारावर ज्वाळा वर ढकलतात. उताराचा कोन दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियन संशोधनातून रूढ झालेला ठोकताळा आहे. डोंगराच्या पायथ्याशी लागलेली आग माथ्यावरील जंगलात का पोहोचते, हे त्यावरून कळते.

जाड इंधनाचाही विचार येथे सोडून चालणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि वनांत व वाड्यांत असंख्य झाडे उन्मळून पडली. असे पडलेले लाकूड वाळल्यावर आगीचा वेग फारसा वाढवत नाही, परंतु ते दीर्घकाळ धुमसत राहते आणि विझलेली वाटणारी आग पुन्हा पेटवू शकते.

आगीचे गणित

इंधन, वारा व उतार यांवरून आगीचा वेग काढण्याचे सूत्र अमेरिकेच्या वनसेवेतील रिचर्ड रॉदरमेल यांनी १९७२ मध्ये मांडले. आगीच्या आघाडीची तीव्रता मोजण्याचे सूत्र त्याआधी, १९५९ मध्ये, जॉर्ज बायरम यांनी दिले होते. इंधनाची उष्णता, दर चौरस मीटरमागे जळणारे इंधन आणि आगीचा वेग या तिन्हींचा गुणाकार म्हणजे आघाडीच्या दर मीटरमागील तीव्रता होय.

हे सूत्र एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वाळलेल्या वनस्पतीची उष्णता किलोमागे सुमारे १८,००० किलोज्यूल धरली, माळावर दर चौरस मीटरला अर्धा किलो गवत आहे आणि आग सेकंदाला १० सें.मी. वेगाने पुढे सरकते असे मानले, तर तीव्रता मीटरमागे ९०० किलोवॉट येते. जंगलाच्या सावलीत ०.३ किलो पालापाचोळा सेकंदाला १ सें.मी. वेगाने जळत असेल, तर तीव्रता केवळ ५४ किलोवॉट होते. हातातील अवजारांनी आगीच्या तोंडाशी उभे राहून काम करण्याची मर्यादा सुमारे ३५० किलोवॉट, म्हणजे साधारण सव्वा मीटर ज्वाळा, इतकी मानली जाते. तात्पर्य, हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपणारे वनमजूर व ग्रामस्थ पाचोळ्याची आग विझवू शकतात, पण माळावरील आगीसमोर त्यांचा जीव धोक्यात येतो.

आता त्याच माळाच्या जंगलालगतच्या पट्ट्यात जानेवारीपूर्वी गवत कापून नेले आणि इंधन पाव किलोवर आले असे समजू. इंधन विरळ झाल्याने वेगही सेकंदाला ६ सें.मी. पर्यंत उतरला, तर तीव्रता २७० किलोवॉट होते. मनुष्यबळ तेच असूनही आग हाताच्या आवाक्यात येते. इंधन व्यवस्थापनाचे सारे मर्म या फरकात आहे.

संगणकीय साधने आणि त्यांची जन्मभूमी

रॉदरमेल यांचे सूत्र वनाधिकाऱ्यास प्रत्यक्ष वापरता यावे म्हणून अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘बिहेव्ह’ ही संगणक प्रणाली तयार झाली. पुढे ‘बिहेव्हप्लस’ हे तिचे सुधारित रूप आले. एका ठिकाणच्या आगीचा वेग व ज्वाळेची लांबी ती सांगते. मार्क फिनी यांनी विकसित केलेली ‘फारसाइट’ ही प्रणाली आग नकाशावर तासागणिक कशी पसरेल हे दाखवते, तर ‘फ्लॅममॅप’ संपूर्ण प्रदेशातील धोक्याची तुलना करते.

या प्रणालींना इंधनाचे वर्णन ठरावीक साच्यांत द्यावे लागते. त्यांस इंधन-प्रतिमाने म्हणतात. १९८२ मध्ये अशी १३ प्रतिमाने प्रचलित होती. २००५ मध्ये ४० प्रतिमानांचा नवा संच प्रसिद्ध झाला. येथेच रायगडच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. जुन्या संचातील आखूड गवताचे प्रतिमान असे गृहीत धरते की, इंधनात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असल्यास आग पुढे सरकत नाही. नव्या संचातील दमट हवामानाच्या गवतासाठी ही मर्यादा ३० ते ४० टक्के आहे. किनाऱ्यावरील दमट हवेत पहिले प्रतिमान वापरले, तर संगणक ‘धोका नाही’ असे सांगेल आणि माळ मात्र पेटलेला असेल. सूत्र बरोबर असले तरी त्यात घातलेले गवत परक्या देशाचे आहे. फणसाडच्या सीमेवरील वा श्रीवर्धनच्या माळावरील गवत मोजल्याखेरीज या साधनांचे उत्तर विश्वासार्ह होणार नाही.

उपग्रहाचा तांबडा ठिपका

भारतात वणव्याची सूचना देण्याचे काम देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने करीत आहे. आरंभी टेरा व अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील मोडिस संवेदकाचा आधार होता. त्याच्या चित्रातील एक चौकट १ कि.मी. ची असते. २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहापासून सुरू झालेल्या व्हीआयआयआरएस संवेदकाने ही चौकट ३७५ मीटरपर्यंत आणली. २०१९ मध्ये या सूचना प्रणालीची तिसरी आवृत्ती कार्यान्वित झाली. नोंदणी केलेल्या कोणासही भ्रमणध्वनीवर आपल्या क्षेत्राची सूचना मिळू शकते.

या सूचनेचे मोल मोठे आहे, पण तिचे वाचन जपून करावयास हवे. ३७५ मीटर बाजूची चौकट म्हणजे सुमारे १४ हेक्टर क्षेत्र. राबाचा तुकडा काही गुंठ्यांचा असतो. पुरेशी उष्णता असल्यास तोही ठिपका म्हणून उमटू शकतो, पण तो राखीव वनात आहे की लगतच्या खासगी वरकस जमिनीवर, हे ठिपक्यावरून निश्चित सांगता येत नाही. शिवाय व्हीआयआयआरएस वाहून नेणारे उपग्रह साधारण दुपारी व मध्यरात्री दीडच्या सुमारास माथ्यावरून जातात. सायंकाळी लागून रात्री दहापर्यंत विझलेली गवताची आग त्यांना दिसतच नाही. डोलवीसारख्या ठिकाणच्या पोलाद भट्ट्यांची उष्णताही आगीसारखी भासू शकते, म्हणून वनक्षेत्राच्या नकाशाशी ताळमेळ घालावा लागतो.

या उणिवा भरून काढण्यासाठी युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे उपयोगी पडतात. त्यांच्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यांत २० मीटरपर्यंतचा तपशील मिळतो. आगीपूर्वीच्या व नंतरच्या चित्रांची तुलना केल्यास जळालेल्या क्षेत्राची सीमा आखता येते. डिसेंबर ते मे या काळात कोकणचे आकाश बहुधा निरभ्र असल्यामुळे ही पद्धत येथे विशेष अनुकूल आहे.

राब आणि वणवा

भाताच्या वा नाचणीच्या रोपवाटिकेची जागा भाजण्यासाठी शेण, झाडांचे टहाळ, पाचोळा व गवत यांचे थर रचून, वर माती पसरून ते जाळण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. त्यामुळे तणाचे बी मरते व राखेचे खत मिळते. १८८५ ते १८८७ या काळातील मुंबई वन आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या राबविषयक तक्रारी आल्या होत्या. म्हणजे वन आणि राब यांचा वाद शंभराहून अधिक वर्षांचा आहे. कातकरी व ठाकर समाजाच्या दळी जमिनींचा प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे.

राब म्हणजे वणवा नव्हे. मातीखाली दबलेला राब संथ जळतो व शेतकरी त्याच्याजवळ उभा असतो. राबाची ठिणगी कडेच्या गवतात गेली की मात्र वणवा होतो. वणव्याची अन्य कारणेही आहेत : नवे गवत लवकर फुटावे म्हणून माळ पेटवणे, शिकारीसाठी रान जाळणे, रस्त्याकडेला फेकलेली विडी, बागेतील साफसफाई. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. हे निर्बंध आवश्यकच आहेत. परंतु केवळ ठिपक्याच्या आधारे नजीकच्या वाडीवर संशय घेतला गेला, तर आग विझवण्यास सर्वांत आधी धावून येणारी माणसेच दुरावतील. ठिपक्यावरून आग लागल्याचे कळते. ती कोणी व कशासाठी लावली, हे प्रत्यक्ष चौकशीनेच ठरू शकते.

व्यवस्थापनाची दिशा

उपरोक्त विवेचनावरून काही उपाय सुचतात. पहिला, इंधनाची स्थानिक नोंद. एक चौरस मीटरच्या चौकटीतील गवत व पाचोळा कापून, वाळवून, वजन करण्यास महागडे उपकरण लागत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी डिसेंबर ते मे या काळात दर पंधरवड्यास हे काम करू शकतात. दुसरा, जाळरेषांची जागा व वेळ. जाळरेषा गवत पूर्ण वाळण्यापूर्वी आणि माळ व वन यांच्या सीमेवर आखली जावी. त्या पट्ट्यातील गवत कापून नेण्याची मुभा पशुपालकांस दिल्यास चारा व संरक्षण दोन्ही साधते. तिसरा, राबाचे दिवस ग्रामसभेने ठरवणे व त्याची पूर्वसूचना वनरक्षकास देणे. वनहक्क अधिनियम, २००६ ने सामूहिक वनाच्या संरक्षण व व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेस दिलेला आहे. चौथा, राबास पर्याय. गादीवाफ्यावरील रोपवाटिका, तसेच रायगडमध्येच नेरळ परिसरात विकसित झालेले, रोपवाटिका व लावणी टाळणारे सगुणा भात तंत्र, यांमुळे राबाची गरजच कमी होते.

निष्कर्ष

वणव्याचे संगणकीय शास्त्र आज मोफत व सहज उपलब्ध आहे. रायगडच्या किनारपट्टीवर उणीव आहे ती त्या शास्त्रास पुरवावयाच्या स्थानिक मापनाची आणि उपग्रहाच्या सूचनेस गावाच्या माहितीची जोड देण्याची. माळावर किती गवत उभे आहे, ते केव्हा वाळते आणि राब कोणत्या दिवशी भाजला जाणार आहे, या तीन गोष्टी ठाऊक असल्या, तर आग लागण्यापूर्वीच तिची तीव्रता माणसाच्या आवाक्यात आणता येते. सव्वा मीटरच्या ज्वाळेपुढे डहाळी घेऊन उभ्या राहणाऱ्या वनमजुराच्या व ग्रामस्थाच्या सुरक्षिततेसाठी एवढी पूर्वतयारी अनिवार्य होय.